चाक कोठें बसावें?

डोंगरवाटेच्या मोटारीचें चाक निवडतांना मनुष्याची नजर प्रथम टायरच्या रुंदीवर, मग त्याच्या खाचांवर, आणि शेवटीं त्याच्या डौलावर जाते. परंतु तें चाक गाडीपासून किती आंत किंवा किती बाहेर उभें राहणार, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. कारखानदारांच्या भाषेंत या गोष्टीस ‘ऑफसेट’ असें नांव आहे. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि तें ज्या सपाट तबकडीनें तुंब्याला टेकून बोल्टांनीं आवळलें जातें ती जागा, यांमधील अंतर म्हणजे ऑफसेट. टेकण्याची जागा मध्यरेषेच्या बाहेरच्या अंगास असेल तर ऑफसेट धन, व चाक गाडीच्या पोटाखालीं सरकतें. ती आंतल्या अंगास असेल तर ऑफसेट ऋण, व चाक बाहेर येतें. मिलिमीटरांत मोजलें जाणारें हें अंतर क्षुल्लक वाटतें खरें. पण त्याच्या पाठीशीं दोन शतकांहून अधिक काळचा अनुभव उभा आहे.

मोटार जन्मास येण्यापूर्वींच हा प्रश्न सुतारांनीं हातांत घेतला होता. इंग्लंडांतील जुन्या मालगाड्यांचीं चाकें सरळ तबकडीसारखीं नसत. तीं बशीसारखीं खोलगट असत. आरे तुंब्यापासून निघून बाहेरच्या बाजूस कललेले असत, त्यामुळें तुंबा आंत राही व धाव बाहेर येई. असें कां, याचा उलगडा जॉर्ज स्टर्ट या गृहस्थानें १९२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत केला आहे. तो स्वतः सरे परगण्यांतील फार्नहॅम येथें चाकें घडविण्याचा कारखाना चालवीत असे. घोडा चालतांना एकदां या बाजूस व एकदां त्या बाजूस झोंका देतो. प्रत्येक झोंक्यासरशीं गाडीचा सर्व भार कण्यावाटे तुंब्यास बाहेर रेटतो. आरे सरळ असते तर ते लवकरच खिळखिळे झाले असते. खोलगट चाकांत मात्र ते धावेवर दाबले जातात, आणि लोखंडी धाव त्यांस फांकूं देत नाहीं. शिवाय कण्याचीं टोकें किंचित् खालीं वांकविलेलीं असत, म्हणून ज्या आऱ्यावर भार येई तो जमिनीवर ओळंब्यांत उभा राही. चाकाचा आकार डोळ्यांस कसा दिसतो यापेक्षां भार कोणत्या रेषेनें जमिनींत उतरतो हें महत्त्वाचें, हा धडा त्या सुतारांनीं गणिताशिवाय गिरविला होता.

पुढें वळण्याचा प्रश्न आला. जुन्या चौचाकी गाडीचा पुढचा सबंध कणा मधल्या एका खिळ्याभोंवतीं फिरे. म्युनिक येथील गाड्या बनविणारा गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यानें त्याऐवजीं प्रत्येक चाकास स्वतंत्र खुंटीवर वळविण्याची युक्ति काढली, आणि त्याचा लंडनमधील प्रतिनिधि रूडॉल्फ आकरमान यानें १८१८ सालीं तिचें इंग्लंडांत पेटंट घेतलें. आजच्या मोटारी याच तत्त्वावर वळतात. परंतु या सोयीबरोबर एक नवें अंतर निर्माण झालें. वळण्याच्या खुंटीची रेषा खालीं वाढविली असतां ती जमिनीस एका जागीं मिळते. टायरचा मध्य दुसऱ्या जागीं टेकतो. या दोन जागांमधील अंतर हा एक तरफेचा दांडाच होय. चाक धोंड्यावर आपटलें कीं धक्का या दांड्यावाटे थेट चालकाच्या मनगटापर्यंत पोंचतो. जुन्या जीपगाड्यांच्या चालकांस ‘अंगठे सुकाणूच्या कड्याआंत अडकवूं नका’ अशी ताकीद देत, तिचें कारण हेंच.

या प्रश्नाची खरी कसोटी जीपच्या जन्माबरोबर लागली. १९४० च्या जुलै महिन्यांत अमेरिकन सैन्यानें १३५ कारखानदारांकडे एका हलक्या गाडीची मागणी केली. नमुना ४९ दिवसांत हवा, आणि दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर ४७ इंचांहून अधिक नको, अशी अट होती. पेन्सिल्व्हानियांतील बॅंटम कंपनीचा नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजीं मेरीलंडमधील होलाबर्ड छावणींत दाखल झाला. पुढें विलिस व फोर्ड यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. त्यांत हें अंतर सुमारें ४९ इंच झालें. या गाडीचीं पुढचीं चाकें वळतही होतीं आणि इंजिनाच्या जोरानें फिरतही होतीं. त्यामुळें शक्ति पोंचविणारा सांधा नेमका वळण्याच्या खुंटीच्या रेषेंत बसविणें भाग पडलें. त्याच्या बाहेर बेअरिंगें, ब्रेक व तुंबा. चाक सपाट असतें तर टायर खुंटीपासून पार दूर गेला असता. म्हणून चाकास खोलगटपणा देऊन टायर आंत आणला आणि खुंटी सुमारें साडेसात अंशांनीं कलती ठेवली. या दोहोंमुळें तरफेचा दांडा आंखूड राहिला.

महाराष्ट्रांतील वाचकांस या खोलगटपणाचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून तेव्हांच्या अहमदनगरास पहिली एस्. टी. सुटली, तेव्हांपासून परिचित असलेल्या या गाडीकडे नीट पाहावें. पुढच्या चाकाचा मध्यभाग बाहेर फुगलेला दिसतो, तर मागच्या बाहेरील चाकाचा मध्यभाग परातीसारखा खोल गेलेला असतो. चाक एकच, मागें जोडीनें बसवितांना बाहेरचें उलटें फिरविलें, एवढाच फरक. जोडींत एक आंत व एक बाहेर असल्यानें भार पुन्हां बेअरिंगांवरच समतोल येतो.

युद्ध संपलें, आणि सैन्यास नकोशा झालेल्या जीपा नागरिकांच्या हातीं आल्या. १९४८ सालीं ऍम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत इंग्लंडची लॅंड रोव्हर प्रकट झाली. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईंत महिंद्र आणि महिंद्र यांनीं विलिस जीपांची जुळणी आरंभिली. हौशी मालकांस आतां रुंद टायर हवे झाले. अमेरिकेंत तर चाकाची तबकडी कापून उलट्या बाजूनें जोडण्याची टूम निघाली. त्यायोगें चाक बाहेर येई व गाडी ऐटबाज दिसे. त्या ऐटीचा हिशेब साधा आहे. ६ इंच रुंद व २५ मिलिमीटर धन ऑफसेटच्या चाकाऐवजीं ८ इंच रुंद व शून्य ऑफसेटचें चाक घेतलें, तर आंतली कड जवळजवळ होती तेथेंच राहते. बाहेरची कड मात्र सुमारें ५० मिलिमीटर पुढें येते. टायरचा मध्य २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, बाहेर सरकतो. ज्या गाडींत तरफेचा दांडा मुळांत एक इंच असेल तेथें तो दोन इंच होतो, आणि धोंड्याचा झटका दुप्पट. भार दोन बेअरिंगांच्या मधून उतरे तोंवर दोघें तो वांटून घेत. तो बाहेर गेला कीं बाहेरच्यावर संपूर्ण भाराहूनही अधिक ओझें येतें.

मग चाक बाहेर काढूंच नये काय? तसेंही नाहीं. चाकें थोडीं रुंदावलीं म्हणजे उतरत्या कडेवर गाडी कलंडण्याची भीति कमी होते, आणि पूर्ण वळणावर रुंद टायर आंतल्या पट्ट्यांस घासत नाहीं. म्हणून निवड करणारानें आधीं मूळ चाकाचा ऑफसेट पाहावा. आंतली कड कशास लागत नाहीं याची खातरी करावी. आणि तेवढ्यापुरतेंच, त्याहून रतिभरही अधिक नव्हे, चाक बाहेर आणावें.

पुढें कारखानदारांनीं उलट दिशाही चोखाळली. १९७२ सालच्या ऑडी ८० या गाडींत खुंटीची रेषा टायरच्या मध्याच्याही बाहेर जमिनीस मिळेल अशी रचना केली. हेतु हा कीं एका बाजूचा ब्रेक अधिक धरला तरी गाडी आपली दिशा सोडूं नये. हल्लीं पुष्कळ चाकांवर ‘ईटी’ हीं अक्षरें व त्यांपुढें एक आंकडा कोरलेला असतो. जर्मन भाषेंतील त्याच ऑफसेटची ती खूण होय. विकत घेणारा तो आंकडा क्वचितच वाचतो. घाटांतील एका अवघड वळणावर चालकाचें मनगट आणि तुंब्यांतील बेअरिंग मात्र तो अचूक वाचतात.