मलावीचा हापूस, बोस्टनचा बर्फ

कॅलेंडर नोव्हेंबर दाखवतंय आणि फळवाला हापूस. बेलपाडा मेट्रो स्थानकाजवळ तुम्ही पेटीवर वाकता, एक आंबा उचलून देठाशी नाक नेता. वास तर हापूसचाच. ‘मलावीचा माल आहे काका, आफ्रिकेचा,’ तो सांगतो. सातासमुद्रापलीकडचं फळ गावात येतं कसं, हे बघायचं असेल तर जिना चढा. २०२३ साली सुरू झालेली ही मेट्रो आज तुम्हाला उत्सव चौकात नेणार नाही.

दार उघडतं ते १८५०च्या आसपासच्या मुंबईत. खारा वारा, डांबराचा आणि सुक्या मासळीचा वास. कोटाच्या आत, गोदीच्या जवळ जाड भिंतींचा बर्फखाना आहे. आत शिरताच अंगावर काटा येतो. भुशात गाडलेल्या लाद्या बोस्टनकडच्या तळ्यांतल्या आहेत, तिथल्या हिवाळ्यात करवतीनं कापलेल्या. सुएझचा कालवा १८६९ मधला, म्हणजे अजून व्हायचाय. त्यामुळे जहाज आफ्रिकेला वळसा घालून चार महिन्यांनी पोचतं. बोस्टनचा बर्फव्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानं १८३३ साली कलकत्त्याला पहिली खेप पाठवली तेव्हा १८० टनांतला १०० टनांच्या आसपास बर्फ शिल्लक राहिला होता. बाकीचा वाटेतच पाणी झाला, आणि तरी धंदा चालला! मुंबईत १८३४ साली जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, तेव्हा यजमानासह पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’नं छापली.

या बर्फाच्या जहाजांतून हिंदुस्थानात अमेरिकेची सफरचंदंही येतात. एक तुमच्या हातात आलंय. साल किंचित सुरकुतलेली, पण दात लावल्यावर करकर वाजतंय. चार महिन्यांपूर्वी पिंपात भरलेलं फळ! बर्फ विकायला निघालेल्या माणसानं नकळत फळांच्या आयातीचं सगळं गणित मांडून ठेवलंय. अंतर मैलांत मोजत बसू नका, अंशांत मोजा.

परतीच्या वाटेवर बेलपाड्याला क्षणभर थांबा. १९६९ साल. स्टेशन नाही, खारघरचा डोंगर तेवढा ओळखीचा. भातखाचरं, बांध, पलीकडे खाडी. वाशीचा खाडीपूलही अजून झालेला नाही. पुढच्या वर्षी नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन होईल, मग त्या शहरासाठी जमिनी जातील. १९८४च्या जानेवारीत मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली माणसं रस्त्यावर उतरतील आणि उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण जातील. फळांच्या आयातीच्या कागदांवर बरंच काही लिहिलेलं असतं, बंदराखालची जमीन कुणाची होती हे नसतं.

१९८९ साली न्हावाशेव्याचं बंदर सुरू होतं. तुम्ही तिथं उतरता ते २००१च्या एप्रिलनंतर, आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध उठल्यावर. पांढऱ्या रीफर, म्हणजे शीत कंटेनरच्या रांगा आणि त्यांची अखंड घरघर. प्रत्येकाची वायर विजेच्या खांबाला जोडलेली. भुशाचं काम आता वीज करते. वॉशिंग्टनचं सफरचंद शून्य-एक अंशावर सुखात राहतं. तीच थंडी आंब्याला दिली तर साल काळी पडते आणि फळ पिकायचं विसरतं. त्याला बारा-तेरा अंश लागतात. दार उघडलं तरी माल लगेच हलत नाही. वनस्पती संगरोधाचा अधिकारी पेट्या फोडतो, फळं कापतो, अळी आहे का बघतो. निर्यातदार देशाचा कीडमुक्तीचा दाखला हवा, आयातीचा परवाना हवा, अन्नसुरक्षेची तपासणी हवी. एक कागद मागं राहिला की मीटर चालू: विजेचं भाडं, बंदराचं भाडं आणि आत फळाचं वय. लागोसला किंवा आक्राला दक्षिण आफ्रिकेची सफरचंदं मागवणारा व्यापारीही याच तीन घड्याळांकडे बघत बसतो.

आता शेवटचा टप्पा. वाशीचं फळ मार्केट, नोव्हेंबरातली पहाट. १९९६ साली क्रॉफर्ड मार्केटातून घाऊक फळबाजार इकडे हलला. माथाडी पेट्या उतरवताहेत, आणि मलावीचा हापूस त्यांत वेगळा ओळखू येतो, कारण तो जहाजानं आलेला नाही. मलावीला समुद्रच नाही. आंबा विमानानं आणायचा म्हणजे किलोमागे भाडं, आणि पेटी त्या भाड्यानंच महाग होते. कोकणातून २०११च्या सुमारास नेलेल्या कलमांची ही झाडं. तिकडे ऋतू उलटे, म्हणून फळ आपल्या हिवाळ्यात.

कोकणातले बागायतदार यावर चिडतात. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेलपाड्याचा रायगड जिल्हाही आहे. मला विचाराल तर कलम परदेशी गेलं यात चोरी नाही. हापूस स्वतः पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात कलमांवरच तयार झालेला. पण पेटीवर ‘मलावी’ ठळक अक्षरांत हवं, आणि रत्नागिरीच्या रद्दीत गुंडाळून तो विकणाऱ्याला दंड व्हायला हवा.

गाळ्यावर तुम्ही भाव विचारता. व्यापारी रुमाल टाकतो, खाली भाव सांगायला तुमची बोटं धरतो. तुम्ही एक बोट सोडवून घेता, तो मान हलवतो. मागं उभा असलेला पोऱ्या पेटीतला एक आंबा अंगठ्यानं दाबून बघतो आणि सांगतो, ‘शेठ, हे उद्यापर्यंत टिकायचे नाहीत.’ रुमालाखाली बोट परत तुमच्या बाजूला येतं.