कोठडीत भरलेले न्यायालय

न्यायालयावरचे नाटक म्हटले की न्यायाधीश, ज्युरी आणि साक्षीदारांचा पिंजरा डोळ्यांसमोर येतो. ब्रिटिश नाटककार जॉन मॉर्टिमर यांच्या ‘द डॉक ब्रीफ’ या दोनपात्री सुखात्मिकेत मात्र यातले काहीच दिसत नाही. सारे घडते ते तुरुंगाच्या कोठडीत. दूरचित्रवाणीच्या सुरुवातीच्या काळात हीच गोष्ट या नाटकाच्या पथ्यावर पडली.

वकील नसलेल्या आरोपीने पिंजऱ्यातूनच, न्यायालयात हजर असलेल्या कोणत्याही बॅरिस्टरची अल्प शुल्कात निवड करायची, अशी इंग्लंडमध्ये जुनी प्रथा होती. तिलाच ‘डॉक ब्रीफ’ म्हणत. पक्ष्यांचे दाणे विकणारा फाउल हा पत्नीच्या खुनाचा आरोपी या प्रथेने मॉर्गनहॉल यांना निवडतो. आयुष्यभर अशिलाची वाट पाहण्यात म्हातारे झालेले हे बॅरिस्टर कोठडीतच खटल्याची रंगीत तालीम सुरू करतात. गुन्हा कबूल असलेला फाउल कधी न्यायाधीश होतो, तर कधी साक्षीदार.

स्वतः बॅरिस्टर असलेल्या मॉर्टिमर यांनी ही कलाकृती मुळात नभोनाट्य म्हणून लिहिली. १९५७मध्ये बीबीसीच्या ‘थर्ड प्रोग्रॅम’वर ती प्रसारित झाली. मायकेल हॉर्डर्न आणि डेव्हिड कोसॉफ या त्याच कलावंतांना घेऊन पुढे ती दूरचित्रवाणीवर आली. ब्रिटनमध्ये तेव्हा ४०५ रेषांचे कृष्णधवल चित्र दिसे आणि स्टुडिओतून होणारी नाटके बहुधा थेट प्रक्षेपित होत. लहान पडद्यावर गर्दीचे दृश्य हरवून जाई. दोन चेहरे मात्र ठळक दिसत. त्यामुळे एका कोठडीत दोन माणसांनी संवादांतून उभे केलेले न्यायालय या माध्यमाला नेमके मानवणारे होते.

१९५८मध्ये लंडनच्या लिरिक, हॅमरस्मिथ या नाट्यगृहात हे नाटक रंगमंचावर आले. १९६२च्या चित्रपटात पीटर सेलर्स आणि रिचर्ड अॅटनबरो यांनी या भूमिका केल्या. मॉर्टिमर यांचा गाजलेला दूरचित्रवाणी नायक, वकील रम्पोल, १९७५मध्ये अवतरला.

नाटकाच्या शेवटी खरा खटला सुरू होतो, तेव्हा मॉर्गनहॉल यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. फाउल दोषी ठरतो. पण बचाव इतका कुचकामी होता, की त्याच कारणावरून तो फाशीतून वाचतो. प्रेक्षक हसतो खरा. पण वकिलाच्या कुवतीवर माणसाचा जीव टांगलेला असतो, हे त्याच्या मनातून जात नाही.