गोदी, घाट आणि मधला कारभारी

ऑक्टोबर 1657 मध्ये कल्याण आणि भिवंडी ही दोन ठाणी आदिलशाही अंमलातून शिवाजी महाराजांच्या हाती आली, तेव्हा त्यांच्याबरोबर उल्हास नदीची खाडीही आली, आणि ज्या राज्याचा संसार तोवर डोंगरकपारींत नि घाटवाटांत चालला होता, त्यास खाऱ्या पाण्याचा काठ लाभला. दुर्गाडीच्या टेकडीवर किल्ल्याचे काम निघाले आणि खाडीच्या आश्रयाने लढाऊ गलबते बांधण्याचा उद्योग सुरू झाला. सागवान आसपासच्या रानांत होते, सुतार-लोहारांची वाण नव्हती, कोळी आणि भंडारी तर पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर वाढलेले. उणीव होती ती तोफा पेलणारे तारू बांधून ते लढविणाऱ्या जाणत्यांची, आणि ते जाणते त्या काळी फिरंग्यांकडे होते.

म्हणून 1659 च्या सुमारास रुई लैतांव व्हियेगस या पोर्तुगिजास आणि त्याचा पुत्र फेर्नांव यास महाराजांनी चाकरीस ठेवले. त्यांच्याबरोबर सुमारे 340 माणसे होती आणि 20 गलबतांचे काम हाती होते. ही सारी सिद्धता दंडाराजपुरीच्या सिद्दीसाठी आहे असे बाहेर सांगितले जाई, आणि त्यात खोटेही काही नव्हते. परंतु आज सिद्दीवर जाणारे आरमार उद्या आपल्याही दारात उभे राहील, हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना उमजले. त्यांनी आतून सूत्रे हालविली, आणि व्हियेगस आपल्या माणसांनिशी काम टाकून निघून गेला.

या प्रकरणास दगाबाजी म्हणण्याचा प्रघात आहे. मला त्यात फारसे नवल वाटत नाही. ज्याचा राजा पलीकडचा, धर्मगुरू पलीकडचा आणि सोयरेधायरे पलीकडचे, त्यास अलीकडच्या मुशाहिऱ्याने कितीसे बांधून ठेवावे? कसब मोल देऊन मिळते. इमान मात्र मालक आणि चाकर यांच्यामध्ये काही काळ व्यवहार घडल्यावाचून उपजत नाही, आणि तेवढा काळ कल्याणच्या गोदीत कोणासच मिळाला नव्हता.

गलबते मात्र बांधून झाली, आणि पुढील वीस वर्षांत आरमार वाढले ते दर्यासारंग, दौलतखान, मायनाक भंडारी अशा भिन्न जातिधर्मांच्या सरदारांच्या हाताखाली. हा मेळ कसा जमला याचा एक कागद सुदैवाने शिल्लक आहे. जानेवारी 1675 मध्ये प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक यास महाराजांनी जे पत्र लिहिले, त्याचा विषय वरकरणी रुक्ष आहे: दौलतखान व दर्यासारंग यांना ऐवज आणि गल्ला देण्याविषयी वरात झाली होती, सुभेदाराने ती पावती केली नाही, आणि त्यामुळे पद्मदुर्गाच्या मदतीस जावयाचे आरमार खोळंबून राहिले. परंतु पत्राचा सूर पाहावा. जंजिऱ्याच्या उरावर नवा दुर्ग उभारला जात असता, सिद्दी तेथील माणसांना रात्रंदिवस छळीत असता, जो अंमलदार रसद अडवितो तो शत्रूकडून काही मिळवून बसला असावा, असा उघड संशय महाराज घेतात, आणि ब्राह्मण म्हणून त्याची गय होणार नाही असेही बजावतात. खडकावर चिरे रचणारा पाथरवट आणि गलबतावर उपाशी बसलेला खलाशी यांच्या कानी हे पत्र पडले की नाही कोण जाणे. पण राजाचा क्रोध आपल्यावर न पडता आपली शिधासामग्री अडविणाऱ्यावर पडतो, ही वार्ता छावणीत पसरावयास कागद वाचता यावा लागत नाही.

लाय पाटील कोळ्याची कथा याच सुमाराची. जंजिऱ्याच्या तटास शिड्या लावण्याचे प्राणघातक काम त्याने रात्री केले, आणि मागाहून यावयाचे हशम वेळेवर पोचलेच नाहीत. परंपरा असे सांगते की महाराजांनी त्यास पालखीचा मान देऊ केला, दर्यावर्दी माणसाला पालखी काय कामाची म्हणून त्याने तो नाकारला, तेव्हा त्याच्यासाठी गलबत बांधून त्यासच ‘पालखी’ हे नाव ठेवण्यात आले. मोहीम फसली असताही ज्याने आपल्या वाटणीचे काम चोख केले त्याचा मान राखला गेला, एवढे जरी त्यातून घेतले तरी पुष्कळ.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर जे प्रकरण आहे ते याच अनुभवाचे सार होय. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, त्यासाठी मुलखातून निश्चित नेमणूक असावी, असा त्यांचा आग्रह. कारण बंदरावर पोट अवलंबून असले म्हणजे खलाशी व्यापाऱ्यास नाडणार आणि बंदर ओस पडणार. तारवांसाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, जीर्ण झाड घ्यावयाचे तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, हेही तेथेच सांगितले आहे.

दोनशे वर्षांनी याच कल्याणावरून दुसरा एक प्रचंड कारखाना पुढे सरकला. मुंबई–ठाणे लोहमार्ग 16 एप्रिल 1853 रोजी खुला झाला, 1854 मध्ये तो कल्याणास पोचला, आणि पहिल्या टप्प्याचाच एक कंत्राटदार फॅव्हिएल याने पुढे बोरघाटाचे काम पत्करले. पंचवीस बोगदे खोदणाऱ्या सहस्रावधी मजुरांची गाठ त्याच्याशी क्वचितच पडे. त्यांचा रोजमुरा पोटकंत्राटदार आणि मुकादम यांच्या हातांतून झिरपत खाली येई, आणि पुष्कळदा वाटेतच आटे. जानेवारी 1859 मध्ये तुंबलेल्या मजुरीपायी घाटात दंगल उसळली, गोऱ्या देखरेखदारांवर हल्ले झाले, आणि काही आठवड्यांतच फॅव्हिएलने कंत्राट सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी येथे पाऊल ठेवतो न ठेवतो तोच मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने, जाणते व्यवस्थापक हाताशी धरून, काम चालू ठेविले. 21 एप्रिल 1863 रोजी घाट रेल्वेस मोकळा झाला.

सरकारने या दंगलीची दखल घेतली, हे मान्य केलेच पाहिजे. रेल्वे, कालवे आणि अन्य सार्वजनिक बांधकामांवरील मजुरीच्या तक्रारी दंडाधिकाऱ्याने झटपट निकालात काढाव्यात, असा 1860 चा नववा कायदा झाला. प्रभावळीच्या सुभेदारास जाब विचारणारे पत्र आणि हा कायदा यांत मात्र एक अंतर राहिले: मजुरी मागणाऱ्यास ज्या कायद्याने कचेरीचे दार उघडले, त्याच कायद्याने करार मोडून काम सोडणाऱ्या मजुरास शिक्षेस पात्र ठरविले, आणि ही तरतूद 1932 पर्यंत टिकून राहिली.