अदिरे : आफ्रिकेतील भगिनींचे निळे कापड

अंगावर नवे कापड आले की ते कितीला पडले आणि कोणत्या दुकानातून आणले, एवढेच आपण बायका एकमेकींना विचारतो. ते कोणी रंगविले, त्यावरची नक्षी कोणाच्या डोक्यातून निघाली, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. अलीकडे आफ्रिका खंडातील फॅशन डिझायनरांचे नाव जगभर झाले आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ह्या प्रसिद्ध वस्तुसंग्रहालयाने २०२२ साली त्यांच्या कपड्यांचे मोठे प्रदर्शन भरविले आणि ते २०२३ पर्यंत चालले. ह्या डिझायनरांच्या कपड्यांवरील जुन्या नक्षीचे सर्वत्र कौतुक होते. पण त्या नक्षीमागे फार मोठा इतिहास आहे, आणि त्यातला पुष्कळसा भाग बायकांचा आहे. त्यांपैकी नायजेरिया देशातील ‘अदिरे’ ह्या एकाच कापडाची हकीकत येथे सांगावयाची आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठमोठ्या फुलापानांचे, भडक रंगांचे जे सुती कापड ‘आफ्रिकन’ म्हणून ओळखले जाते, त्याचा जन्म आफ्रिकेतला नव्हे. जावा बेटात मेण लावून कापड रंगविण्याची जुनी कला आहे. डच लोकांनी यंत्रावर तिची नक्कल केली आणि तो माल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पश्चिम आफ्रिकेत खपू लागला. हॉलंडमधील व्लिस्को ही १८४६ साली स्थापन झालेली कंपनी ह्याच मालासाठी नावाजलेली आहे. तेथल्या बायकांनी हे कापड आपलेसे केले, त्याला आपल्या म्हणींवरून नावे दिली, हे खरे. तरी ते गिरणीचे कापड. अदिरे मात्र हाताचे.

अदिरे हा शब्द नैऋत्य नायजेरियातील योरुबा लोकांच्या भाषेतला. ‘अदि’ म्हणजे बांधणे आणि ‘रे’ म्हणजे रंगात बुडविणे. आपल्या बांधणीच्या साडीची आठवण व्हावी असेच हे नाव आहे, आणि एक तऱ्हा खरोखर तशीच आहे. कापडात लहान खडे किंवा बिया धरून त्याभोवती ताडाच्या जातीच्या झाडाचा धागा घट्ट आवळावयाचा, आणि मग कापड रंगात बुडवावयाचे. बांधलेल्या जागी रंग चढत नाही आणि तेथे पांढरट वर्तुळे उमटतात.

दुसरी तऱ्हा खळीची. आपण उपासाला साबुदाण्याची खिचडी करतो. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याच कंदाच्या पिठाची खळ ह्या बायका शिजवितात आणि कोंबडीचे पीस तीत बुडवून कापडावर चित्रे काढतात. खळ वाळली की कापड निळीत बुडवावयाचे, वाळवावयाचे, पुन्हा बुडवावयाचे. मनासारखा गडद रंग चढेपर्यंत हे चालते. शेवटी खळ खरवडून काढली की खालची नक्षी फिकट निळी उमटते. अबेओकुटा शहरात जस्ताच्या पत्र्याचे छाप कापून त्यातून खळ भरण्याचीही रीत पडली. हे छाप कापण्याचे काम पुरुष करीत. रंग आणि मडकी मात्र बायकांच्या हाती.

नीळही घरची. एका रानवेलीची कोवळी पाने कुटून त्यांचे गोळे वाळवावयाचे, ते राखेच्या पाण्यात मोठ्या मडक्यांत आंबवावयाचे. किती दिवसांनी मडके तयार झाले हे रंगारीण वासावरून आणि रंगावरून ओळखी. ह्या कामाला देवताही आहे. तिचे नाव इया मापो. बायकांच्या सर्व कलांची ती पाठीराखी समजली जाते. आईने मुलीला शिकवावे, मुलीने नातीला, अशी ही विद्या चालत आली. नक्षीलाही नावे असत. ‘ओलोकुन’ हे समुद्राच्या देवतेचे. ‘इबादानदुन’ म्हणजे ‘इबादान शहर गोड आहे’. ह्या नक्षीत तेथील नगरभवनाचे खांब काढलेले असतात. इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाचा १९३५ साली रौप्यमहोत्सव झाला, तर राजाराणीची चित्रेही अदिरेवर आली. म्हणजे जुनी नक्षी म्हणून जे आपण म्हणतो, त्यातही त्या त्या काळाच्या बातम्या आहेत.

आता अबेओकुटाच्या बायकांविषयी. हे शहर १८३० च्या सुमारास एका प्रचंड खडकाच्या आश्रयाने वसले. त्याच्या नावाचा अर्थच ‘खडकाखाली’ असा आहे. पुढे इंग्रजांचा अंमल आला आणि मँचेस्टरचे पांढरे, तलम, स्वस्त कापड बाजारात आले. ह्याच कापडाने आपल्याकडील विणकरांच्या पोटावर पाय आणला हे आपण जाणतो. पण अबेओकुटाच्या रंगारणींनी त्याचाच उपयोग करून घेतला. जाड हातमागाच्या कापडावर न साधणारी बारीक नक्षी ह्या कापडावर साधू लागली. विसाव्या शतकाच्या सुरवातीस रेल्वे आली, व्यापार वाढला आणि दूर सेनेगालचे व्यापारीही अदिरे नेऊ लागले. कित्येक बायकांनी ह्या धंद्यावर घरे चालविली, मुलांना शिकविले.

१९२९ नंतर जगभर मंदी आली आणि धंदा बसला. तेव्हा दोष कोणावर आला? बायकांवरच. त्या कॉस्टिक सोडा आणि विलायती रंग वापरतात म्हणून माल बिघडला, असे ठरवून अबेओकुटाच्या राजाने, ज्याला तेथे अलाके म्हणतात, १९३६ साली त्यावर बंदी घातली. रंगारणी गप्प बसल्या नाहीत. एकत्र जमून त्यांनी अर्ज केले, वकील दिला, आपले गाऱ्हाणे इंग्रज सरकारपुढे मांडले. गिऱ्हाईक नाही ते मंदीमुळे, आमच्या रंगामुळे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. चौकशी झाली आणि शेवटी ती बंदी टिकली नाही.

ह्याच शहरात १९३२ साली शिकलेल्या बायकांचे एक लहानसे मंडळ निघाले होते. फुन्मिलायो रॅन्सम-कुटी ह्या शिक्षिकाबाई त्यात पुढे होत्या. सुरवातीस शिवणकाम, स्वयंपाक, चारित्र्य असेच विषय असत. आपल्यासारख्या मंडळांत असतात तसेच. पुढे त्यांनी बाजारात बसणाऱ्या बायकांना बोलाविले, त्यांच्यासाठी साक्षरतेचे वर्ग काढले. त्या बायका बोलू लागल्या तेव्हा ह्यांना त्यांची दुःखे कळली. १९४६ साली मंडळाचे नाव बदलून ‘अबेओकुटा विमेन्स युनियन’ असे झाले. तेथे बायकांवर पुरुषांहून वेगळा कर होता. मुलीला पंधराव्या वर्षापासून कर लागे, मुलाला सोळाव्या. वय ठरविताना मुलींची विटंबनाही होई. १९४७ साली हजारो बायका राजवाड्यापुढे ठाण मांडून बसल्या आणि १९४९ च्या जानेवारीत राजाला गादी सोडून जावे लागले. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तो परत आला, पण बायकांचे बळ सगळ्यांनी पाहिले होते. रॅन्सम-कुटीबाई विलायतेत शिकलेल्या. तरी ह्या काळात त्यांनी विलायती झगा सोडून बाजारातल्या बायकांसारखाच योरुबा पद्धतीचा वेष धरला. कापडाचा असाही उपयोग होतो!

पुढे मात्र हाताचे निळे अदिरे मागे पडले. मुली शाळेत व नोकरीत गेल्या, गिरणीचे भडक कापड स्वस्त झाले आणि अदिरे म्हणजे म्हाताऱ्यांचे लुगडे असे लोक म्हणू लागले. ह्या वेळी डिझायनरांचा प्रवेश होतो.

त्यांतल्या पहिल्या शादे थॉमस-फाम. ह्या नर्स होण्यासाठी इंग्लंडला गेल्या आणि कपड्यांची विद्या शिकून १९६० साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, लागोसला परतल्या. सुशिक्षित लोक त्या वेळी विलायती कपड्यांत मोठेपणा मानीत. शादेबाईंनी देशी कापडाचे दुकान काढले. कमरेला गुंडाळावयाच्या वस्त्राला त्यांनी चेन लावली, डोक्याचे बांधणे आधीच बांधून शिवलेले विकले. आज आपल्याकडे शिवलेली नऊवारी मिळते, तसाच हा प्रकार. कापड जुनेच, पण घाईने कामावर जाणाऱ्या बाईला सोयीचे झाले.

दुसऱ्या नीके डेव्हिस-ओकुन्डाये, जन्म १९५१. लहानपणीच आई गेली आणि पणजीने वाढविले. विणणे-रंगविणे त्या पणजीच्या हाताखाली शिकल्या. शाळा फारशी झाली नाही. त्यांनी १९८३ साली ओशोग्बो येथे केंद्र काढून बायकांना व मुलांना ही विद्या फुकट शिकविली. त्या नसत्या तर आजच्या डिझायनरांना अदिरे काढणारे हात शोधणे कठीण झाले असते.

आजच्या पिढीत अमाका ओसाक्वे ह्यांनी २०१० साली लागोसमध्ये ‘माकी ओ’ हा व्यवसाय सुरू केला. त्या हाताने रंगविलेले अदिरे नव्या घाटाच्या कपड्यांत वापरतात. अमेरिकेच्या त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी मिशेल ओबामा ह्यांनी २०१३ साली दक्षिण आफ्रिकेच्या भेटीत त्यांचा ब्लाउज घातला होता. न्यूयॉर्कच्या बुसायो ओलुपोना ह्या वकिली सोडून डिझायनर झाल्या. त्यांचेही कापड नायजेरियातील कारागीर हातानेच रंगवितात.

परंतु सगळेच गोड नाही. अबेओकुटाच्या इटोकु बाजारात चीनमधून आलेले, यंत्रावर छापलेले ‘अदिरे’ ढिगाने विकले जाते. नक्षी तीच, किंमत कितीतरी कमी. गरीब गिऱ्हाइकाने ते घेतले तर त्याला नावे ठेवता येत नाहीत. पण त्यात ना खळ आहे, ना नीळ, आणि रंगारणीची मजुरीही नाही. तिचे चित्र घेतले आणि तिला वगळले, असा हा व्यवहार आहे.

म्हणून मला वाटते, जुनी नक्षी कोणी घेतली एवढ्याने ती वाचली असे होत नाही. तिच्याबरोबर ती काढणारा हातही घेतला पाहिजे. कोणत्या डिझायनराने अदिरेचा मान राखला, हे त्यावरूनच ओळखावे. कापडाला बदल मानवत नाही असे तर मुळीच नाही. मँचेस्टरचे कापड, जस्ताचा छाप, शादेबाईंची चेन, सारे अदिरेने पचविले. बाईच्या हातचे काम जाणे मात्र त्याला पचणार नाही.

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी ही दूरदेशीची हकीकत सांगण्याचे कारण एवढेच, की शिवण-टिपण आणि स्वयंपाक ह्यांवर बोलण्यासाठी जमलेल्या बायका पुढे केवढे काम करू शकतात, हे अबेओकुटाने दाखविले आहे. बाजारात बसणारी बाई मंडळात आली, तेव्हापासून त्या मंडळाचे बळ वाढले. आपल्या सतरंजीवरही तिच्यासाठी जागा असावी.