अक्षरी कुलूप आणि इस्फहानचा अस्तुर्लाबकार

मराठींत घरोघर रुळलेला ‘कुलूप’ हा शब्द मूळचा अरबी ‘कुफ्ल’ होय. अक्षरांची अदलाबदल होऊन तो आपल्याकडे स्थिरावला. शब्द परका म्हणून वस्तूहि परकी असें मात्र समजूं नये. अडसर, खिट्टी, कडीकोयंडा हीं साधनें आपल्याकडे फार जुनीं आहेत. परंतु कुलपाची एक जात अशी आहे कीं, तिला किल्ली नसते. तबकड्यांवरील अक्षरें ठरलेल्या जागीं आणलीं म्हणजे तें उघडतें, एरव्हीं उघडत नाहीं. या जातीस प्रस्तुत लेखांत ‘अक्षरी कुलूप’ म्हटलें आहे. दागिने व जिवापाड जपलेल्या लहानसान वस्तू ठेवण्याच्या पेटीवर असें कुलूप बसविण्याची कल्पना कोणाच्या कारखान्यांतून निघाली, याचा विचार येथें करावयाचा आहे.

(१) रूढ समजूत. कुलपांचा इतिहास सांगणाऱ्या लेखनांत अक्षरी कुलपाचें श्रेय पुष्कळदां इटलींतील गणिती व वैद्य जेरोलामो कार्दानो यास दिलेलें आढळतें. कार्दानोनें आपल्या ‘दे सुब्तिलिताते’ या १५५० सालीं प्रसिद्ध झालेल्या लॅटिन ग्रंथांत अशा कुलपाचें वर्णन केलें आहे, हें खरें. परंतु वर्णन करणारा तो शोधक, हा न्याय इतिहासांत चालत नाहीं. कार्दानोच्या पूर्वीं साडेतीनशें वर्षें अशीं कुलपें तयार होत होतीं, यास ग्रंथ व प्रत्यक्ष वस्तू असे दोन्ही प्रकारचे पुरावे आहेत. ते क्रमानें पाहूं.

(२) ग्रंथाचा पुरावा. तैग्रिस नदीच्या कांठीं अमीद नांवाचें शहर होतें. हल्लींच्या तुर्कस्तानांतील दियारबकीर तें हेंच. तेथें अर्तुकी घराण्याच्या पदरीं अल्-जझरी नांवाचा यंत्रकार होता. नासिरुद्दीन महमूद या राजाच्या आज्ञेवरून त्यानें आपण केलेल्या पन्नास यंत्रांचें वर्णन करणारा अरबी ग्रंथ लिहिला. त्याची हिजरी ६०२ (इ. स. १२०६) मधील हस्तलिखित प्रत इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहांत आहे. डोनाल्ड हिल यांनीं १९७४ सालीं ग्रंथाचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून अरबी न जाणणाऱ्या अभ्यासकांसहि हें साधन उपलब्ध झालें आहे.

ग्रंथाचे सहा विभाग आहेत. शेवटच्या विभागांत अमीदच्या राजवाड्याच्या दरवाजाचें वर्णन आल्यानंतर थोड्याच पुढें, वर्णमालेंतील बारा अक्षरांच्या योगानें पेटी बंद करण्याच्या कुलपाचें प्रकरण येतें. पेटीच्या झांकणावर चार तबकड्या आहेत. बारा अक्षरें चौघींवर वांटलीं म्हणजे प्रत्येकीच्या वांट्यास तीन येतात. येवढ्यावरून कार्दानोचा प्रथमत्वाचा दावा निकालांत निघतो.

(३) वस्तूचा पुरावा. ग्रंथांतील वर्णन केवळ कागदावरचें असेल, अशी शंका कोणी घेईल. तिचें निरसन करणाऱ्या दोन वस्तू आज विद्यमान आहेत; एक कोपनहेगन येथील डेव्हिड संग्रहांत व दुसरी बोस्टन येथील कलासंग्रहालयांत. फ्रान्सिस मॅडिसन यांनीं १९८५ सालीं या दोहोंवर स्वतंत्र निबंध लिहून त्यांचें अल्-जझरीच्या वर्णनाशीं असलेलें साम्य दाखविलें. कोपनहेगनच्या पेटीवर कर्त्याचें नांव कोरलेलें आहे, तें मुहम्मद बिन हामिद अल्-अस्तुर्लाबी अल्-इस्फहानी असें. आणि साल हिजरी ५९७, म्हणजे इ. स. १२००-०१ (शके ११२२-२३) आहे.

हें साल महत्त्वाचें आहे. अल्-जझरीच्या ग्रंथाच्या उपलब्ध प्रतीपेक्षां ही पेटी सुमारें पांच वर्षांनीं जुनी ठरते. शिवाय इस्फहान व अमीद यांमधील अंतर सरळ रेषेंतहि सातशें मैलांहून अधिक आहे. इतक्या दूरच्या दोन गांवीं, इतक्या थोड्या काळांत, चार तबकड्यांचें एकाच धर्तीचें कुलूप आढळावें, यावरून अनुमान निघतें तें असें: या दोघांपैकीं कोणीहि मूळ शोधक असण्याची गरज नाहीं, ही विद्या त्या काळीं कारागिरांमध्यें अगोदरच फिरत असली पाहिजे. या अनुमानास बळकटी देणारी आणखी एक वस्तू आहे. अथेन्स येथील केरामैकोस स्मशानभूमींत रोमन काळाच्या एका थडग्यांत लहान पेटीचें कुलूप सांपडलें. त्यास किल्लीचें छिद्र नसून तबकड्या आहेत. व्होल्फ्राम होप्फ्नर यांनीं त्याचें वर्णन १९७० सालीं छापलें. तेव्हां ‘पहिला कोण’ या प्रश्नाचा पाठलाग करण्यांत फारसा अर्थ नाहीं. ‘कोणत्या धंद्याच्या हातांत ही विद्या वाढली’ हा प्रश्न मात्र सुटण्यासारखा आहे.

(४) रचना. या जातीच्या कुलपाचें तत्त्व सोपें आहे. प्रत्येक बाह्य तबकडीच्या आंसाला झांकणाखालीं एक चकती जडलेली असते व त्या चकतीच्या कडेस एकच खांच असते. अडसराच्या दांड्याला चकत्यांइतकेच दांत असतात. सर्व खांचा दांतांसमोर आल्या तरच अडसर सरकतो. एक जरी चकती एका अक्षरानें ढळलेली असली तरी तिच्या कडेवर दांत अडतो आणि बाकीच्या तिन्ही बरोबर असून उपयोग होत नाहीं. म्हणून येथें खरी कसोटी लोहाराच्या बळाची नसून विभागणीच्या अचूकपणाची आहे. वर्तुळाचे सोळा भाग नेमके समान पडले नाहींत, किंवा आंस किंचित् ढिला राहिला, तर बरोबर अक्षरें लावूनहि कुलूप अडून बसेल, अथवा चुकीच्या अक्षरांवर उघडेल.

(५) अस्तुर्लाबकाराचा कारखाना. आतां पेटीवरील सहीकडे पुनः वळूं. कर्ता स्वतःस कुलूपकार म्हणवीत नाहीं. ‘अल्-अस्तुर्लाबी’, म्हणजे अस्तुर्लाब करणारा, असें म्हणवितो. सूर्य व तारे यांचे उन्नतांश मोजण्याचें हें धातूचें यंत्र आपल्याकडेहि ज्योतिष्यांच्या परिचयाचें होतें. फिरोजशहा तुघलकाच्या दरबारीं महेंद्रसूरीनें इ. स. १३७० च्या सुमारास त्यावर ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ रचला. अस्तुर्लाबकाराचें नित्याचें काम कोणतें? वर्तुळाचे समभाग पाडणें, एकावर एक फिरणाऱ्या तबकड्या एकाच आंसावर बसविणें, कडेस खुणा कोरणें आणि कांटा फिरवून त्या खुणेवर आणणें. शिवाय त्या खुणा अक्षरांच्याच असत. आपल्याकडील कटपयादि पद्धतींत अक्षर हें अंकाचें काम करतें, त्याचप्रमाणें अरबी ‘अब्जद’ पद्धतींतहि अक्षरास अंकाचें मोल असून अस्तुर्लाबाचे अंश त्याच अक्षरांनीं कोरीत. म्हणजे अक्षरांकित तबकडी ही कुलपासाठीं नव्यानें शोधावी लागली नाहीं. ती कारखान्यांत हाताशींच होती.

इस्फहानच्या कारागिरांची तयारी किती होती, हें दुसऱ्याहि एका वस्तूवरून दिसतें. त्याच गांवच्या मुहम्मद बिन अबी बक्र यानें हिजरी ६१८ (इ. स. १२२१-२२) मध्यें केलेला, आंत दंतचक्रें बसवून चंद्रसूर्यांची गति दाखविणारा अस्तुर्लाब ऑक्सफर्ड येथील विज्ञानेतिहासाच्या संग्रहालयांत आहे. वीस वर्षांच्या अंतरानें एकाच नगरांत एकीकडे आकाशाची गति व दुसरीकडे पेटींतील ठेवा, दोन्ही फिरत्या चक्रांच्या स्वाधीन केलेलीं दिसतात. अक्षरी कुलूप हें लोहारशाळेचें नव्हे, तर ज्योतिषयंत्रांच्या कारखान्याचें अपत्य आहे, असें आमचें मत यावरून बनलें आहे.

(६) कुलपाचें बळ. कोपनहेगनच्या पेटीच्या प्रत्येक तबकडीवर सोळा अक्षरें आहेत. चार तबकड्यांवर प्रत्येकीं एकच खूण जुळवावयाची असती, तर सोळास सोळानें चार ठिकाणीं गुणून ६५,५३६ प्रकार झाले असते; दर प्रकारास दहा सेकंद धरले तर चोरास अहोरात्र साडेसात दिवस बसावें लागलें असतें. प्रत्येक तबकडीवर दोन खुणा स्वतंत्रपणें जुळवावयाच्या ठेवल्या म्हणजे हीच संख्या ४,२९,४९,६७,२९६ होते आणि त्याच वेगानें तेराशेंहून अधिक वर्षें लागतील. तबकड्या न वाढवितां केवळ खुणा दुप्पट केल्यानें केवढा फरक पडतो, हें येथें ध्यानांत येतें.

असें गणित त्या काळीं आपल्याकडेहि अपरिचित नव्हतें. भास्कराचार्यांच्या लीलावतींत (शके १०७२) आठ मूषा असलेल्या राजवाड्याचें उदाहरण आहे. एक, दोन, तीन याप्रमाणें त्या उघड्या ठेवण्याचे एकंदर २५५ प्रकार होतात. प्रत्येक मूषा उघडी किंवा मिटलेली, म्हणून दोनास दोनानें आठ ठिकाणीं गुणावें व सर्व मिटलेल्याचा एक प्रकार वजा करावा. कुलपाचा हिशेब याच जातीचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं स्थापिलेल्या मठाचा, चाळीसगांवजवळील पाटण येथील शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे अल्-जझरीच्या हस्तलिखिताच्या सुमाराचाच आहे. यावरून देवाणघेवाण झाली असें आम्ही म्हणत नाहीं. समकालीनता येवढीच नोंदवितों.

(७) कुलपाचें मर्म. परंतु गणितानें सांगितलेलें बळ व व्यवहारांतील बळ यांत अंतर पडतें. किल्ली चोरीस गेली तर तिची जागा रिकामी दिसते. शब्द चोरीस गेला तर धन्यास पत्ताहि लागत नाहीं. उलट, धनी शब्द विसरला किंवा कोणास न सांगतां वारला, तर पेटी फोडण्यावांचून गत्यंतर नाहीं. तिसरी अडचण मनुष्यस्वभावाची. १६२६ सालीं परवाना मिळालेल्या ‘द नोबल जंटलमन’ या इंग्रजी नाटकांत ‘आमेन’ या प्रार्थनेच्या शब्दानें उघडणाऱ्या कुलपाचा उल्लेख आहे. रोमन लिपीच्या २६ अक्षरांतून चार घेतलीं तर ४,५६,९७६ प्रकार होतात. पण लोक सहज आठवणारे शब्द पसंत करूं लागले म्हणजे चोरास मोजकेच शब्द चाळावयाचे उरतात. पुढें फ्रान्समध्यें एदम रेन्ये (१७५१–१८२५) यानें फिरत्या अक्षरकड्यांचीं कुलपें नांवारूपास आणलीं. त्यानंतर सोन्याच्या आंगठ्या व चिमुकलीं कुलपें याच धर्तीवर प्रेमाची खूण म्हणून देण्यांत येऊं लागलीं. तेथें तर शब्द ओळखतां यावा हाच हेतु. ज्यास तो ठाऊक त्याच्यासाठींच दागिना.

सारांश, कार्दानोस दिलें जाणारें श्रेय टिकत नाहीं. अल्-जझरीचें श्रेय उत्तम वर्णनकाराचें व कुशल कारागिराचें आहे, पहिल्या शोधकाचें नव्हे. आणि आकाश मोजणाऱ्या हातांनींच पेटीचें रहस्य राखण्याची ही युक्ति जोपासली, हें इस्फहानच्या सहीवरून दिसून येतें. जुन्या पेट्या, डबे व कुलपें पाहणाऱ्यांनीं केवळ नक्षीकडे लक्ष न देतां कर्त्याच्या नांवापुढील धंद्याचा शब्दहि टिपून घ्यावा, येवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.