वेधशाळेपासून विमा-कचेरीपर्यंत

दवाखान्यातील केसपेपरावर वय आणि रक्तदाब यांच्या शेजारी आज ज्या आकड्यास मानाचे स्थान लाभले आहे, त्या बॉडी मास इंडेक्सचा मूळपुरुष वैद्य नव्हता, ही गोष्ट त्या आकड्यापायी हर्षित वा खिन्न होणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे, एवढीच त्याची कृती. आणि ती ज्याच्या हिशेबातून निघाली तो आदोल्फ केतले हा १७९६ साली गेंट नगरात जन्मलेला बेल्जियन गणिती आणि ज्योतिर्विद होता. ब्रुसेल्स येथे वेधशाळा व्हावी म्हणून सरकारदरबारी खटपट करणारा हा गृहस्थ १८२३ साली तिच्या पूर्वतयारीसाठी पॅरिसला गेला आणि परतताना दुर्बिणींच्या ज्ञानाबरोबर लाप्लास व फूरिये यांच्या परंपरेतील संभाव्यतेचे गणितही घेऊन आला. एकाच ताऱ्याचे वेध अनेक निरीक्षकांनी घेतले असता आकडे निरनिराळे येतात, परंतु ते एका मध्याभोवती ठरावीक नियमाने विखुरलेले असतात, हा ज्योतिषातील सिद्धान्त त्याने माणसांच्या समुदायास लावून पाहिला. स्कॉटलंडच्या पलटणींतील ५,७३८ शिपायांच्या छातीची मापे त्याने मांडली, तेव्हा तीही सुमारे ४० इंचांच्या मध्याभोवती तशीच विखुरलेली आढळली. जणू निसर्गाने एकच आदर्श पुरुष घडवावयास घ्यावा आणि प्रत्येक प्रयत्नात थोडथोडे चुकावे!

या कल्पित ‘सरासरी मानवा’चे चरित्र म्हणजे केतलेचा १८३५ सालचा ग्रंथ होय. मनुष्य जर लांबी, रुंदी आणि जाडी या तिन्ही दिशांनी सारखाच वाढता, तर त्याचे वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढले असते. परंतु उंच माणूस तितक्या प्रमाणात रुंद नसतो, म्हणून प्रौढांची वजने उंचीच्या वर्गाच्या जवळपास राहतात, असे त्याला दिसून आले. वाढत्या वयाच्या मुलांस हा नियम लागू पडत नाही, तेथे वजनाचा वर्ग उंचीच्या पाचव्या घाताशी जुळतो, हेही त्याने त्याच ठिकाणी नमूद केले आहे. त्याच्या नियमाचा दाखला देणारे पुष्कळ लोक एवढा भाग मात्र वगळतात. कोण लठ्ठ आणि कोण कृश हे ठरविणे त्याच्या स्वप्नातही नव्हते. १८७४ साली तो निवर्तला, तोवर हे गुणोत्तर लोकसंख्येच्या दफ्तरातील एक निरुपद्रवी सूत्र होते.

वजनाचे रूपांतर निवाड्यात केले ते विमा कंपन्यांनी. विमा उतरविलेला इसम किती वर्षे हप्ते भरील या चिंतेतून अमेरिकेत उंची-वजनाचे तक्ते निघाले आणि मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीचा ‘इष्ट’ वजनाचा १९५९ सालचा तक्ता तर वैद्यांच्या भिंतींवर जाऊन बसला. हे तक्ते अंगावर कपडे आणि पायांत जोडे जमेस धरून केलेले होते. शिवाय अंगलट लहान, मध्यम की मोठी असे तीन रकाने असून ती अंगलट कशी ओळखावी याचा तपास वर्षानुवर्षे नव्हता. ज्यांना विमा परवडतो अशांच्याच आयुष्यावरून साऱ्या मानवजातीचे इष्ट वजन मुकरर करावे, यात हिशेबनिसाचा धूर्तपणा असेल. शास्त्र फारसे नव्हते.

या तक्त्यांवर वैतागलेल्या अ‍ॅन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९७२ साली अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका या पाच देशांतील सात हजारांवर पुरुषांची मापे तपासून निरनिराळ्या गुणोत्तरांची त्वचेखालील चरबीच्या घडीशी तुलना केली, आणि केतलेच्या जुन्या सूत्रास आजचे नाव देऊन ते इतरांपेक्षा वाईट नाही, असा अत्यंत बेताचा कौल दिला. त्या यादीत स्त्री एकही नव्हती. कीजला ते समुदायांच्या अभ्यासासाठी हवे होते. परंतु तराजू आणि भिंतीवरची पट्टी एवढ्यावर भागणारे साधन कोणता दवाखाना सोडील? मग हद्दी आखल्या गेल्या, आणि त्या सरकतही राहिल्या. अमेरिकेत १९८५ साली पुरुषांस २७.८ आणि स्त्रियांस २७.३ ही मर्यादा होती. १९९८ साली ती दोघांसही २५ झाली, आणि त्या फर्मानासरशी कोट्यवधी लोक एक ग्रॅमही न वाढता वजनदारांच्या वर्गात दाखल झाले.

अशा हद्दीच्या आसपास, उदाहरणार्थ आशियाई लोकांसाठी पुढे सुचविल्या गेलेल्या २३ या आकड्यापाशी, मोजणीतील गफलत किती महाग पडते ते पाहण्याजोगे आहे. ६४ किलो वजनाच्या माणसाची उंची १६५ सेंटीमीटर असेल तर निर्देशांक २३.५ येतो, जोडे न काढता ती १६७ भरली तर तोच २२.९५ होतो. उंचीचा वर्ग होत असल्याने तिच्यातील चूकही दुप्पट होऊन उतरते. म्हणून अनवाणी उभे करावे, टाचा जोडून भिंतीस टेकवाव्यात, डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत येतील अशी मान ठेवावी, असा मानवमितीचा दंडक आहे. पाठीच्या मणक्यांमधील चकत्या दिवसभरात दबत असल्याने माणूस सायंकाळी सकाळपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर ठेंगणा असतो, याचाही विचार हवा. उंची विचारून घेणे हा तर सर्वांत खोटा मार्ग. उंची सांगताना माणूस सहसा उदार होतो आणि वजन सांगताना कंजूष.

परंतु मोजणी कितीही चोख केली तरी वजनात स्नायू किती आणि मेद किती, हे त्या भागाकारातून कळत नाही, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्याने पुरविला आहे. येथील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले शेजारी उभे राहिलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा निर्देशांक २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! स्वतःच्याच देहाचा दाखला शास्त्रीय पत्रात जोडण्याची ही विनोदबुद्धी दुर्मिळच म्हणावी लागेल. ही तफावत प्रौढपणीच्या आहारविहारानेच येते म्हणावे, तर पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांशी तुलना याज्ञिकांच्या मंडळींनी आधीच केलेली होती. इकडील मुलांचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडील ३.५ किलो, पोट, हात आणि स्नायू यांत आपली मुले पुष्कळच उणी, परंतु पाठीवरची चरबीची घडी मात्र त्या मानाने फारशी उणी नव्हती. कृश दिसणाऱ्या देहात मेद राखून ठेवण्याची ही सवय गर्भातूनच येते, असा त्याचा अर्थ लावला गेला. आणि सडपातळ माणसासही मधुमेह कसा होतो, या आपल्याकडच्या वैद्यांना पडणाऱ्या कोड्यावर त्याने बराच प्रकाश पडला.

त्याच २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ या आकड्यांपाशी सावध व्हावे असे सुचविले, आणि २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता मानून जोडीस कंबरेचा घेर ठेवला: पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० सेंटीमीटर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तक्त्यांत अतिवजनाची हद्द मात्र २५ च राहिली आहे; त्यामुळे ज्याचा निर्देशांक २४ आहे असा पुण्याचा गृहस्थ सर्वेक्षकाच्या वहीत प्रकृतीने यथायोग्य ठरतो, आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात गेला तर तेथे त्याच्या केसपेपरावर अतिवजनाचा शेरा पडतो.