फर्ग्युसन टीई-२० : हायड्रॉलिक व स्टिअरिंगमधील बिघाड

फर्ग्युसन टीई-२० हा हॅरी फर्ग्युसन यांच्या रचनेनुसार इ.स. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे उत्पादित झालेला शेती ट्रॅक्टर आहे. या मालिकेचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. अवजार तीन सांध्यांवर जोडून तेलाच्या दाबाने उचलण्याची त्याची पद्धत पुढे जगभर रूढ झाली. भारतात टॅफे कंपनीने बनवलेल्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांची परंपरा याच मालिकेपर्यंत मागे जाते.

हायड्रॉलिक यंत्रणा

चार दट्ट्यांचा पंप मागील पेटीतील तेलात बुडालेला असून तो पी.टी.ओ. दांड्यावर चालतो. गिअरपेटी, डिफरन्शियल व लिफ्ट यांना एकच तेल पुरते. नियंत्रण झडप पंपाच्या शोषण बाजूस असते.

लिफ्ट मुळीच उचलत नसल्यास प्रथम पी.टी.ओ.चा दांडा जोडलेला आहे का आणि तेलाची पातळी योग्य आहे का, हे पाहावे. क्लच दाबला असताना पंप थांबतो. त्या वेळी लिफ्ट न उचलणे हा दोष नव्हे. यानंतरही लिफ्ट न हलल्यास नियंत्रण झडप अडकल्याची शक्यता असते. अवजार झटके देत वर येत असल्यास पंपाच्या एखाद्या कप्प्यातील झडप निकामी झालेली असू शकते. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजून ते बदलावे.

इंजिन बंद केल्यावर अवजार हळूहळू खाली येत असल्यास दाब कोठेतरी गळत असतो. बाजूचे तपासणी झाकण काढून विजेरीच्या प्रकाशात पाहिल्यास तेल सिलिंडरखालून ठिबकते की पंपाकडून, हे कळते. पहिल्या स्थितीत दट्ट्याच्या रिंगा झिजलेल्या असतात.

स्टिअरिंग

या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग नाही. स्टिअरिंगच्या दांड्यावरील पिनियन दोन दातेरी खंड फिरवते व प्रत्येक खंड स्वतंत्र दांड्याने आपापल्या बाजूचे पुढील चाक वळवतो.

चक्र फार मोकळे फिरत असल्यास एका व्यक्तीने ते डावी-उजवीकडे हलवावे व दुसऱ्याने बाहेरून प्रत्येक सांधा पाहावा. हालचाल ज्या सांध्यापाशी हरवते तेथे झीज असते. दांड्यांची गोल टोके, चाकाच्या खुंट्याचे बुश आणि पुढील आसाची मधली पिन ही नेहमीची ठिकाणे होत. दाते सरळ चालीच्या जागी अधिक झिजतात. त्यामुळे पेटी अति आवळल्यास पूर्ण वळणावर स्टिअरिंग अडकते. जड स्टिअरिंगमागे टायरमधील कमी हवा किंवा ग्रीसअभावी कोरडे पडलेले बुश असू शकतात.

सुरक्षितता

उचललेले अवजार केवळ तेलाच्या दाबावर लटकलेले असते. तपासणीपूर्वी ते जमिनीवर टेकवावे किंवा भक्कम ठोकळ्यांवर ठेवावे. त्याखाली शिरू नये. झाकण उघडे असताना इंजिन चालू केल्यास आतील फिरत्या दांड्याजवळ हात नेऊ नये. स्टिअरिंगचा सांधा निखळण्याइतका सैल झाला असल्यास दुरुस्ती होईपर्यंत ट्रॅक्टर चालवू नये.